आईसच्या धाडी आणि आपलं पॅरिश: घरातला माणूस उचलला गेला त्या कुटुंबाला नेमकी मदत कशी करायची?

आगाशी_ते_एडिसन (धागाकर्ता)

जय ख्रिस्त, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

आमचं पॅरिश मध्य न्यू जर्सीत आहे. (ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी: पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली सगळी कुटुंबं, वसईतलं धर्मग्राम.) रविवारी दोन मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) इंग्रजीत, एक स्पॅनिशमध्ये. आम्ही वसईची, मंगळूरची, केरळची मंडळी इंग्रजी मिस्सेला. दोन्हीकडच्या लोकांची गाठ फक्त पार्किंगमध्ये पडायची. आता स्पॅनिश मिस्सेचे बाक अर्धे रिकामे असतात आणि कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. चर्च, शाळा, इस्पितळं अशा ठिकाणी शक्यतो अटक करायची नाही, असा आईसचा (अमेरिकेत इमिग्रेशनच्या धरपकडी आणि हद्दपारी करणारं सरकारी खातं) नियम २०११ पासून कागदावर होता. २०२१ मध्ये तो आणखी व्यापक केला गेला. २० जानेवारी २०२५ ला तो रद्द झाला. क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ), एक बॅप्टिस्ट संघटना आणि सॅक्रामेंटोचा गुरुद्वारा कोर्टात गेले, त्यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये मेरीलँडच्या न्यायाधीशांनी संरक्षण दिलं. पण ते फक्त वादींपुरतं, आमच्यासारख्या कॅथलिक पॅरिशला ते लागू नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बाल्टिमोरला अमेरिकेतल्या बिशपांनी विशेष संदेश काढला. बाजूने २१६, विरोधात ५, तटस्थ ३. सरसकट सामूहिक हद्दपारीला विरोध, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. संदेश उत्तम आहे आणि फादरांनी तो मिस्सेत वाचूनही दाखवला. पण ज्या बाईचा नवरा मंगळवारी सकाळी कामाला जाताना पकडला गेला, तिच्यापुढे संध्याकाळी तीन प्रश्न असतात. तो कुठे आहे, मुलांना शाळेतून कोण आणणार, एक तारखेचं भाडं कुठून येणार. या तिन्हींचं उत्तर संदेशात नाही.

पॅरिश कौन्सिलने मला आणि आणखी दोघांना यावर काहीतरी मांडायला सांगितलंय. आतापर्यंतच्या सूचना: चर्चबाहेर फलक लावणे, मेणबत्ती मिरवणूक, हक्कांची माहिती देणारी एक संध्याकाळ, आणि गरजू कुटुंबांची यादी करून ती एका सामायिक एक्सेल शीटमध्ये ठेवणे. माझं मत: फलक आणि मिरवणुकीला माझी ना नाही, पण पॅरिशचं खरं काम कंटाळवाणं आहे. कागद, गाडी, किराणा, आणि तेही माणूस पकडला जायच्या आधी सुरू व्हायला हवं. जिथे असं काम चाललंय तिथल्यांनी अनुभव लिहा. राजकारणावर शंभर धागे आहेत, इथे कामाचं बोलू.

---

निर्मळची_नात

मी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो धर्मप्रांतात (एका बिशपच्या हाताखालचा भाग, म्हणजेच डायोसिस) राहते, इस्पितळात नर्स आहे. २० जून २०२५ ला आमच्या धर्मप्रांतातल्या दोन पॅरिशच्या आवारात धरपकड झाली, हायलँड आणि माँटक्लेअरला. त्यानंतर ८ जुलैला बिशप आल्बर्टो रोहास यांनी हुकूमनामा काढला: ज्यांना अटकेची खरी भीती आहे त्यांच्यावर रविवारच्या मिस्सेचं बंधन नाही. रोहास स्वतः मेक्सिकोत जन्मलेले. अशी सूट एरवी साथीच्या रोगात मिळते, कोव्हिडमध्ये मिळाली होती तशी.

तेव्हा बाहेरच्या लोकांना वाटलं की बिशपांनी हात टेकले. आतून बघताना वेगळं दिसलं. सूट मिळाली म्हणजे घरी बसलेला माणूस आता पापात नाही, ही गोष्ट आमच्या इथल्या म्हाताऱ्या मेक्सिकन बायकांसाठी फार मोठी होती. त्या जीव मुठीत धरून येत होत्या, कारण मिस्सा चुकवणं त्यांना जमतच नव्हतं.

पण सूट दिली की पॅरिशचं काम दुप्पट होतं. लोक देवळात येणार नसतील तर देऊळ त्यांच्याकडे गेलं पाहिजे. आमच्याकडे कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घरी नेणारे सेवक आधीपासून आजाऱ्यांसाठी होतेच, फादरांनी त्यांची घरं वाढवली. कम्युनियनसोबत किराणा आणि औषधं जायला लागली. लॉस एंजेलिसच्या आर्चडायोसिसनेही (आर्चबिशपचा धर्मप्रांत) जुलै २०२५ मध्ये याच धर्तीवर घरपोच किराणा, जेवण आणि औषधांची योजना काढली.

शिकण्यासारख्या दोन गोष्टी. एक, दर वेळी तोच माणूस जाऊ दे. नवा चेहरा दारात दिसला की घरातले दिवे बंद होतात. आधी फोन, मग दार. दोन, पॅरिशचं नाव रंगवलेली व्हॅन नेऊ नका. साधी गाडी, साध्या पिशव्या. शेजाऱ्यांना कळता कामा नये की या घराला मदत लागते.

आणि औषधं विसरू नका हो. भीतीपोटी मधुमेहाची तपासणी चुकवलेले, इन्सुलिन पुरवून वापरणारे लोक मी पाहते. किराण्याची पिशवी सगळ्यांना सुचते, औषधाचं कोणी विचारत नाही.

---

टेक्सासचा_तात्या

मी ख्रिस्ती नाही पण इथे लिहितो कारण विषय आपल्या सगळ्यांचा आहे. वाईट वाटून घेऊ नका. मी एच-वन-बीवर आलो, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा आहे, एका नोकरीला चिकटून. नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. मी नियम पाळतो. ज्यांनी पाळले नाहीत त्यांच्या घरी किराणा पोचवायचा, हे चर्चने करावं का? देशाला सीमा असते की नाही?

---

आगाशी_ते_एडिसन

तात्या, वाईट कशाला वाटेल. कौन्सिलमध्येही हाच प्रश्न आला आणि विचारणारा आमच्याच इंग्रजी मिस्सेतला होता.

चर्चची शिकवण तुम्हाला वाटते तितकी एकतर्फी नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला परिच्छेद २२४१ बघा. श्रीमंत देशांनी झेपेल तितकं परक्याला सामावून घ्यावं, सरकारला त्यावर अटी घालता येतात, आणि आलेल्यानेही त्या देशाचे कायदे पाळावेत. तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात. बिशपांच्या संदेशातही सीमा राखण्याचा देशाचा अधिकार मान्य केलाय.

पण आमच्या समितीसमोरचा प्रश्न सीमेचा नाहीच. सहा वर्षांच्या अमेरिकन नागरिक मुलीला शाळेतून कोण आणणार, हा आहे. त्याचं उत्तर देण्यापूर्वी तिच्या बापाचा व्हिसा तपासायचा का? मला नाही वाटत.

---

माणिकपूर_मेट्रोपार्क

तात्यांच्या 'रांगे'बद्दल एक भर. तुमची रांग लांब आहे, मान्य, पण ती आहे तरी. बागकाम, भांडी घासणं, कोंबडी कापण्याचे कारखाने, अशा कामांसाठी जे कायमचे ग्रीन कार्ड असतात त्यांना साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला दहा हजारांची मर्यादा आहे, आणि त्यातलेही काही वळवले जातात. ग्वातेमालाच्या शेतमजुराने कुठल्या रांगेत उभं राहायचं ते मला सांगा.

आणि हे 'त्यांचं' प्रकरण आहे असंही समजू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात १०४ भारतीय होते. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे, पण महाराष्ट्रातलेही तिघे होते. हातापायांत बेड्या.

---

टेक्सासचा_तात्या

विमानाचं माहीत आहे. दहा हजारांचा आकडा माहीत नव्हता. माझं मूळ मत तेच आहे, पण मुलीच्या मुद्द्यावर वाद नाही. चालू द्या, वाचतोय.

---

कोर्टातली_मावशी

मी वकील नाही. ह्यूस्टनमध्ये इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करते. खालचं सगळं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा, स्वतःच्या प्रकरणासाठी वकील गाठा. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

धागाकर्त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर: काम आधी करायचं. का ते सांगते. माणूस पकडला गेला की आईस त्याला अनेकदा लगेच दुसऱ्या राज्यात हलवते. न्यू जर्सीचा माणूस दोन दिवसांत टेक्सास नाहीतर लुइझियानाला. आता फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पस (ही कोठडी बेकायदा आहे, सोडा, असा अर्ज) दाखल करायचं तर माणूस त्या क्षणी जिथे कोठडीत आहे तिथल्या कोर्टात करावं लागतं. म्हणजे वकील पहिल्या काही तासांत मिळाला तर अर्ज न्यू जर्सीच्या न्यायाधीशापुढे, उशीर झाला तर इथे आमच्या टेक्सासच्या न्यायाधीशापुढे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हेबियसची गरज आता जास्तच लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील बोर्डाने यहूरे उर्तादो प्रकरणात ठरवलं की तपासणी न होता सीमा ओलांडून आलेल्याला इमिग्रेशन न्यायाधीश जामीन देऊच शकत नाही, मग तो वीस वर्षं इथे राहत असो. पूर्वी दीड हजार डॉलरपासून पुढे जामीन व्हायचा. या निकालाने तो दरवाजा बंद केला, म्हणून लोक फेडरल कोर्टात जायला लागले आणि तिथे न्यायाधीशागणिक निकाल वेगळा लागायला लागला. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, हेही लक्षात असू द्या. खुनाच्या आरोपीला तो आहे, याला नाही.

तर प्रत्येक कुटुंबाकडे एक पाकीट तयार हवं. पॅरिशने शनिवारी हॉलमध्ये टेबलं मांडून हे पाकीट भरायला बसवावं:

त्यात पहिलं 'ए' क्रमांक, म्हणजे इमिग्रेशनच्या कागदांवर 'ए' अक्षरानंतर येणारे आकडे. आईसच्या वेबसाइटवर कैदी शोधायची सोय आहे, तिथे हा क्रमांक आणि जन्माचा देश टाकला की माणूस कुठे आहे ते दिसतं. क्रमांक नसेल तर नावाने शोधावं लागतं आणि तिथे घोळ होतो. स्पॅनिश लोकांची दोन आडनावं, आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये, स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि लायसन्सवर एक. सगळी रूपं लिहून ठेवा. अठराच्या खालची मुलं तिथे दिसतच नाहीत.

दुसरं, वकिलाचा 'जी-२८' फॉर्म ('हा माझा वकील' असं सांगणारा), आधीच सही केलेला. तो नसेल तर आईसवाले वकिलाशी बोलायला टाळाटाळ करतात. तसाच खासदाराच्या ऑफिसला चौकशी करता यावी म्हणून माहिती देण्याच्या संमतीचा आईसचा फॉर्म. खासदाराचं ऑफिस चमत्कार करत नाही, पण 'माणूस कुठे आहे' एवढं तरी कधीकधी काढून देतं.

तिसरं मुलं. शाळेच्या तातडीच्या संपर्काच्या कार्डावर ज्याला अटकेची भीती नाही अशा दोघांची नावं. पालकत्व तात्पुरतं सोपवण्याचा कागद, ज्याचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून यासाठीच नवा कायदा लागू केलाय, इतरत्र मुखत्यारपत्रावर भागवतात आणि ते मुदतीचं असतं, मुदत संपली की नवं करावं लागतं. पॅरिशने राज्यातल्या वकिलाकडून एक नमुना तपासून घ्यावा, इंटरनेटवरचा छापू नये.

चौथं पासपोर्ट, आणि हे सगळे विसरतात. सोळा वर्षांखालच्या अमेरिकन मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालक लागतात. एक कोठडीत असेल तर त्याची नोटरी केलेली संमती लागते, डीएस-३०५३ वर, आणि कोठडीत नोटरी मिळवणं म्हणजे दिव्य. शिवाय ती संमती तीन महिनेच चालते. म्हणून संमतीपत्र करून ठेवण्यापेक्षा पासपोर्टच काढून ठेवावा. उद्या बापाला परत पाठवलं आणि आईने मुलांसह मागे जायचं ठरवलं तर हा एक कागद महिन्यांचं अंतर वाचवतो. भारतीय कुटुंब असेल तर मुलाला भारताचा व्हिसा नाहीतर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) लागेल, त्यालाही वेळ लागतो.

पाचवं पत्ता. घर बदललं की इमिग्रेशन कोर्टाला पाच कामकाजाच्या दिवसांत कळवावं लागतं, ईओआयआर-३३ फॉर्मवर. नाही कळवलं तर तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, माणूस हजर होत नाही आणि त्याच्या अपरोक्ष हद्दपारीचा हुकूम निघतो. घाबरून घर बदलणारे लोक नेमके यातच अडकतात. पॅरिशमधल्या एखाद्या निवृत्त हिशेबनीसाने एवढा एकच फॉर्म भरून द्यायचं व्रत घेतलं तरी पुष्कळ झालं.

पुढचं नंतर लिहिते, डबा भरायचाय.

---

पापडीचा_पोरगा

मावशी, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतोय. दारावर कोणी आलं तर काय, तेही सांगा. आमच्याकडे ते लाल कार्ड वाटतात, 'दार उघडणार नाही, बोलणार नाही' लिहिलेलं.

---

कोर्टातली_मावशी

लाल कार्ड चांगलंच आहे. मूळ नियम असा: वॉरंट दोन प्रकारचं. एक न्यायाधीशाच्या सहीचं, दुसरं आईसच्याच अधिकाऱ्याच्या सहीचं, आय-२०० किंवा आय-२०५. घरात शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं लागतं, हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. जानेवारी २०२६ मध्ये बातमी आली की आईसच्या एका अंतर्गत पत्रकात, हद्दपारीचा अंतिम हुकूम झालेल्या माणसासाठी आय-२०५ वर घरात जबरीने शिरायला मुभा दिलीये. वकील मंडळी म्हणतात हे घटनेत बसत नाही. त्यामुळे आता शिकवताना 'दार उघडलं नाही की तुम्ही सुरक्षित' असं छातीठोकपणे सांगू नका. सांगायचं ते असं: दार उघडू नका, कागद खिडकीतून बघा, धक्काबुक्की करू नका, पळू नका, खोटं बोलू नका, न कळलेल्या कागदावर सही करू नका.

पॅरिशसाठी वेगळं. चर्चचा जो भाग सगळ्यांना खुला आहे तिथे कोणीही येऊ शकतं. ऑफिस, सॅक्रिस्टी (मिस्सेची वस्त्रं-भांडी ठेवायची खोली), फादरांचं निवासस्थान, धर्मशिक्षणाचे वर्ग यांवर 'खासगी' अशी पाटी लावा आणि दार खरोखर बंद ठेवा. पाटी आहे आणि दार सताड उघडं, तर पाटीला अर्थ नाही. आलेल्या अधिकाऱ्याशी एकानेच बोलायचं, आणि तो कोण हे आधी ठरलेलं असावं. बाकीच्यांनी आपापल्या कामाला लागायचं. ऑफिसातल्या सेक्रेटरीला हे शिकवा! पहिली गाठ तिच्याशीच पडते आणि तिला कोणीच काही सांगत नाही.

आणि 'नोतारियो'पासून सावध. लॅटिन अमेरिकेत नोतारियो हा मोठा कायदेपंडित असतो, इथे नोटरी म्हणजे शिक्का मारणारा. या गैरसमजावर जगणारे भामटे चर्चच्या बाहेरच पत्रकं वाटतात. त्याऐवजी बिशपांनीच १९८८ मध्ये सुरू केलेलं 'क्लिनिक' हे कॅथलिक कायदेशीर मदतीचं जाळं आहे, त्यांच्याशी जोडलेल्या संस्था गाठा. न्याय खात्याची मान्यता घेऊन वकील नसलेला माणूसही अशा संस्थेमार्फत इमिग्रेशनची प्रकरणं चालवू शकतो. मोठ्या पॅरिशने एखाद्या हुशार कार्यकर्त्याला त्या मान्यतेसाठी तयार केलं, तर मिरवणुकीपेक्षा हजारपट फायदा.

त्या एक्सेल शीटबद्दल: नको. नको. नको. कोण कागदाविना आहे हे पॅरिशच्या कुठल्याही संगणकावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर, वहीत असता कामा नये. जे लिहिलेलंच नाही ते कोणी मागू शकत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आईबापांची नावं असतात, त्यांचा व्हिसा नसतो, तेच धोरण.

---

वांद्रे_वेस्ट

मुंबईतून लिहितोय. मावशींचं बरोबर, पण मग यादीशिवाय कोणाला काय हवं हे कळणार कसं? आपल्याकडे याचं उत्तर आहे. मुंबईच्या आणि वसईच्या पॅरिशमध्ये लहान ख्रिस्ती समूह चालतात. वाडीतली पंधरा-वीस घरं, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बायबलवाचन. कोणाची सून बाळंत झाली, कोणाची नोकरी गेली, कोणाला रक्त हवंय, हे फादरांच्या आधी समूहाला कळतं आणि निम्म्या वेळा फादरांपर्यंत जातही नाही. कागदावर काही नसतं. एका प्रमुख बाईच्या डोक्यात सगळं असतं.

अमेरिकेतलं पॅरिश मला कायम रेल्वे स्टेशनसारखं वाटलं, गाडी आली, लोक चढले, पार्किंग रिकामं. तिथे आधी वाड्या बनवा. इंग्रजी मिस्सेतली दोन घरं आणि स्पॅनिशमधली चार, जवळजवळ राहणारी. शेजारी म्हणून ओळख झाली तर मदतीला योजनेची गरज कमी पडेल.

---

आगाशी_ते_एडिसन

हे आवडलं आणि अवघडही वाटलं. सहा घरांना एकत्र बसवायचं तर भाषेची अडचण आहे. अनुवादाला बहुतेक घरांतली बारा-चौदा वर्षांची पोरंच असतात.

---

निर्मळची_नात

पोरांना अनुवादक करू नका, ही विनंती. इस्पितळात आम्हाला त्याची मनाई आहे ती उगाच नाही. 'बाबांना परत पाठवतील का' हे वाक्य वकिलाच्या तोंडून ऐकून आईला सांगायचं काम बारा वर्षांच्या मुलीवर टाकू नये. पॅरिशमध्ये स्पॅनिश येणारे मोठे शोधा, प्यूर्टो रिकोचे लोक असतील तर उत्तम, ते जन्माने नागरिक.

---

फादरांचा_भाचा

एक मुद्दा कोणी मांडला नाही. माझे मामा धर्मगुरू आहेत आणि अमेरिकेतल्या एका पॅरिशमध्ये काम करतात. त्यांच्यासारखे भारतातून गेलेले कितीतरी फादर तिथली पॅरिशं सांभाळताहेत, आणि त्यातले अनेकजण आर-वन या धार्मिक कामाच्या व्हिसावर असतात. तो पाच वर्षांचाच. त्यानंतर देश सोडून वर्षभर बाहेर राहावं लागायचं, जानेवारी २०२६ मध्ये ती वर्षाची अट काढली, तरी बाहेर जाऊन यावं लागतंच. ग्रीन कार्डची त्यांची रांगही तुंबलेली.

म्हणजे फादर स्वतःच त्यांच्या माणसांइतके नसले तरी टांगणीला लागलेले आहेत. मिरवणुकीत सगळ्यात पुढे त्यांना उभं करू नका. घोषणा, अधिकाऱ्यांशी बोलणं, कोर्टात सोबत जाणं, हे अमेरिकन नागरिक असलेल्या सामान्य लोकांनी आणि त्या देशातच जन्मलेल्या धर्मगुरूंनी करावं. मामा मिस्सा करतील, घरोघरी जातील, पापनिवेदन ऐकतील. तेवढं पुष्कळ आहे.

---

माणिकपूर_मेट्रोपार्क

कोर्टात सोबत जाण्याचं खरं उदाहरण सॅन दिएगोचं. बिशप मायकेल फॅम स्वतः व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेले. २० जून २०२५ ला, जागतिक निर्वासित दिनी, ते इतर धर्मगुरूंबरोबर इमिग्रेशन कोर्टात जाऊन बसले. त्या सुमारास तारखेला आलेल्या लोकांना कोर्टाच्या कॉरिडॉरमध्येच पकडत होते. पुढे त्यातून तिथे नियमित सोबतीचं काम उभं राहिलं. सोबत गेल्याने अटक टळतेच असं नाही. पण अटक झाली तर घरी फोन करायला, गाडीची किल्ली घ्यायला, वकिलाला कळवायला एक माणूस तिथे हजर असतो. मावशींनी सांगितलेले ते पहिले काही तास इथेच वाचतात.

आमच्याकडची गोष्ट: नेवार्कला डिलेनी हॉल हे आईसचं हजार खाटांचं कोठडी केंद्र मे २०२५ मध्ये परत सुरू झालं. भेटायला जाणाऱ्याला ओळखपत्र दाखवावं लागतं. ज्या बायकोकडे स्वतःकडेच कागद नाहीत ती नवऱ्याला भेटायला तिथे कशी जाईल? तर मग आमच्यासारख्यांनी मुलांना घेऊन जायचं. बाहेर ताटकळत थांबलेल्यांना पाणी, डायपर, बसायला खुर्ची, लहान मुलाला जादा स्वेटर, असली कामं कोणीही करू शकतं. 'फर्स्ट फ्रेंड्स' ही न्यू जर्सीतली संस्था भेटींचं काम आधीपासून करते, त्यांच्याकडून शिकून घ्या, वेगळं दुकान मांडू नका.

---

कुपारीण

आत कम्युनियन नेता येतं का? शिकागोजवळच्या ब्रॉडव्ह्यूला आईसच्या केंद्रात फादर-सिस्टर लोकांना दारातून परत पाठवल्याचं वाचलं. १ नोव्हेंबर २०२५ ला, सर्व संतांच्या सणादिवशी, सहायक बिशप होते तरी.

---

माणिकपूर_मेट्रोपार्क

हो, आणि त्यानंतर काही दिवसांतच पोप लिओ यांनी कैद्यांच्या आध्यात्मिक गरजा मानल्या पाहिजेत असं जाहीर सांगितलं. ते स्वतः शिकागोचे. दुसऱ्या टोकाला मायामीच्या आर्चबिशप वेन्स्कींनी फ्लोरिडाच्या दलदलीतल्या 'अॅलिगेटर अल्काट्राझ' या स्थलांतरितांच्या कोठडी तळाबाहेर मोटरसायकलवाल्या नाइट्सना (कॅथलिक पुरुषांची सेवासंघटना) घेऊन रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आत मिस्साही झाली. म्हणजे प्रत्येक केंद्राचा कारभार वेगळा. आपापल्या डायोसिसच्या तुरुंगसेवेच्या माणसाला विचारूनच जा.

---

पापडीचा_पोरगा

अवांतर: आपले वसईचे संत गोन्सालो गार्सियाही परदेशात व्यापारी म्हणून गेले, पुढे फ्रान्सिस्कन संघात संन्यासी झाले आणि १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले. परक्या देशातल्या हुकमाने मेलेला संत आपल्या गावचा आहे, एवढंच आठवलं. अवांतर समाप्त.

---

चकली

मी ख्रिस्ती नाही, एडिसनलाच राहते. किराणा आणि गाडी जमेल. धर्मांतराचा वगैरे काही विषय नाही ना? सासूबाई विचारतील म्हणून आधीच विचारते.

---

आगाशी_ते_एडिसन

ताई, बिलकूल नाही. उलट तुमची गरज आहे. कोठडीत गुजराती आणि पंजाबी बोलणारेही आहेत आणि आमच्याकडे त्या भाषांचं कोणी नाही. सासूबाईंना गुजराती येत असेल तर त्यांनाही घेऊन या.

पैशाबद्दल कोणी लिहिलं नाही. कमावता माणूस आत गेला की पहिला खड्डा भाड्याचा.

---

कुपारीण

आमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी हे बघते. १८३३ पासूनची संस्था, पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेली. त्यांची जुनी पद्धत: घरी जायचं तर दोघांनी मिळून, ऐकायचं, आणि तिथे पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. या कामाला अगदी फिट बसते. भाडं घरमालकाला थेट चेकने, वीजबिल कंपनीला थेट. हातात रोकड दिली की घेणाऱ्यालाही अवघड होतं आणि हिशेबही राहत नाही. कोठडीतल्या माणसाच्या फोनच्या आणि कँटीनच्या खात्यात थोडे पैसे टाका. बायकोशी रोज बोलता आलं तर माणूस घाबरून कुठल्याही कागदावर सही करत नाही.

आणि मदत दोन आठवड्यांत थांबवू नका. सुरुवातीला घरी इतकं लझान्या येतं की फ्रीझरमध्ये मावत नाही, तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. प्रकरणं मात्र वर्षभर चालतात.

---

टेक्सासचा_तात्या

लझान्याच्या मुद्द्याला +१, आमच्याकडे कोणी गेलं की पोह्यांचं तसंच होतं.

मावशी, तुम्ही ह्यूस्टनला ना? तो पत्ताबदलाचा फॉर्म भरून द्यायचं काम मला जमेल. शनिवारी मोकळा असतो, फॉर्म भरण्यात वीस वर्षांचा अनुभव आहे, सगळे स्वतःचेच. माझ्या मताबद्दल कोणी बोलणार नसेल तर येतो.

---

कोर्टातली_मावशी

तात्या, मतं बाहेर काढून ठेवायला आमच्या हॉलमध्ये शू-रॅक नाही, घेऊनच या. एक अट: फॉर्मवर नाव, पत्ता, क्रमांक एवढंच. कसे आलात, कधी आलात, हे विचारायचं नाही. कोणी आपणहून सांगायला लागलं तर वकिलाच्या टेबलाकडे पाठवायचं, कारण वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, तुम्हाला सांगितलेलं नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

आगाशी_ते_एडिसन

कौन्सिलपुढे पुढच्या आठवड्यात हे नेतोय: यादी नाही, शनिवारी पाकिटाची टेबलं, सेक्रेटरीचं प्रशिक्षण, खासगी पाट्या आणि कुलपं, दोन वाड्यांपासून सुरुवात, व्हिन्सेंट डी पॉलकडे भाड्याचा निधी. मिरवणूकही होईल, फादर मागे चालतील. मावशी, पाकिटाचा तो मजकूर मराठीत आणि गुजरातीत केला तर तुमच्या वकिलांकडून नजरेखालून घालून मिळेल का? न्यू जर्सीचा पालकत्वाचा नमुना आम्ही इथल्या वकिलाकडून घेऊ.

---

कोर्टातली_मावशी

मराठी मी बघते. वकीलसाहेब दिल्लीचे आहेत, त्यांना इंग्रजीच पाठवा. गुजराती चकलीच्या सासूबाईंकडे.

---

चकली

सासूबाई तयार. विचारताहेत की टेबलांवर चहा असतो का, नसेल तर त्या घेऊन येतील.